सल्लागाराचा अहवाल शाळेपर्यंत पोचला पाहिजे

सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्त नोंदवही उघडली, तर संयुक्त शाळा अनुदानातून आणलेले खडू, बदललेला पंखा, दुरुस्त केलेला नळ आणि भिंतीच्या रंगाचे डबे यांचे ठराव तिच्यात ओळीने सापडतात. प्रत्येक ठरावाला सूचक असतो, अनुमोदक असतो, खाली सदस्यांच्या सह्या असतात आणि एखाद्या वयस्क आजोबांचा अंगठाही असतो. खर्च थोडा मोठा असेल तर तीन दरपत्रके फाईलला लावलेली असतात. रंगाचा डबा महाग का घेतला, असा प्रश्न गावातली कोणतीही आई बैठकीत विचारू शकते आणि मुख्याध्यापकांना त्याचे उत्तर द्यावे लागते. काही हजारांच्या खर्चाला आपण इतकी शिस्त लावली आहे, आणि ती योग्यच आहे.

त्याच शाळेत कधी तरी एक पत्र येते. अमुक संस्थेमार्फत विद्यार्थ्यांच्या अध्ययन स्तराचे सर्वेक्षण होणार आहे, किंवा अमुक एजन्सीचे प्रतिनिधी भौतिक सुविधांची तपासणी करणार आहेत, तरी सर्व मुख्याध्यापकांनी आवश्यक ते सहकार्य करावे, असा त्याचा मजकूर असतो. पाठोपाठ केंद्राच्या, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या समूहाच्या, व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिंक येते, भरायची माहिती येते आणि मुदत येते. ही संस्था कोणी निवडली, कोणत्या कामासाठी निवडली, तिला किती मोबदला मिळणार, तिने जमवलेल्या माहितीचे पुढे काय होणार आणि तिचा अहवाल शाळेला बघायला मिळणार का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पत्रात नसते. शाळा माहिती भरते, प्रतिनिधी येऊन फोटो काढून जातात, आणि विषय शाळेपुरता तिथेच संपतो.

शिक्षण विभागाने बाहेरचे सल्लागार नेमूच नयेत, असे मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे, पण त्याबाबत मी आग्रही आहे. सार्वजनिक शाळांसाठी सल्ला घेतला गेला, तर तो का घेतला, कोणाकडून घेतला, त्यावर किती खर्च झाला आणि सल्ला नेमका काय मिळाला, हे सारे कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, मराठीतून आणि ज्या शाळांविषयी तो सल्ला आहे त्या शाळांपर्यंत पोचलेच पाहिजे. सल्लागाराला दिलेल्या पैशापेक्षाही त्याच्या सल्ल्याभोवती धरलेल्या मौनाने पालकांचा आणि शिक्षकांचा विश्वास अधिक खर्ची पडतो.

‘बाहेरचे’ म्हणून कोणालाही नाकारण्याचे कारण आपल्या जिल्ह्याला तर नाहीच. डॉ. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेत जन्मल्या, फलटणला स्थायिक झाल्या, त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले आणि प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून मराठी वाचन-लेखन शिकवण्याचा जो विचार उभा केला, तो महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षणाला मिळालेल्या मोलाच्या देणग्यांपैकी एक आहे. त्यांचे काम पाहता येत होते, त्यावर वाद घालता येत होता, ते उचलून आपल्या वर्गात वापरून बघता येत होते. दुसरे उदाहरण सरकारी यंत्रणेच्या आतले आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या देखरेखीसाठी आखलेल्या विभागात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः कृती करत शिकण्याच्या, पद्धतीने वर्ग चालवले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते बघायला येत. फरशीवर आखलेल्या तक्त्यांभोवती बसून मुले काय करतात, हे समोर बसून पाहायचे आणि शंका तिथल्या तिथे विचारायच्या, अशी ती रीत होती. एका ठिकाणी ज्ञान बाहेरून आले होते, दुसऱ्या ठिकाणी आतून. दोन्ही ठिकाणी विश्वास निर्माण झाला, कारण दारे उघडी होती.

सल्लागार नेमल्यावर ही दारे का बंद होतात, हे समजून घ्यायचे तर तीन वेगवेगळ्या प्रकारच्या व्यवस्था एकमेकींत मिसळू नयेत. पहिली म्हणजे मोबदला देऊन नेमलेली सल्लागार संस्था, जी सर्वेक्षण, मूल्यमापन, आराखडा किंवा प्रकल्प व्यवस्थापन कक्ष चालवण्याचे काम घेते. दुसरी मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी. राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्यस्रोतातून मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ संस्थांना मान्यता देणारा निर्णय काढला होता, त्यात शिक्षकांसारखी पदेही असल्याचे लक्षात आल्यावर मोठा असंतोष झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. तो असंतोष होऊ शकला, कारण शासन निर्णय संकेतस्थळावर होता आणि लोकांना तो वाचता आला. तिसरा प्रकार सर्वांत कमी चर्चिला जातो, तो म्हणजे सामंजस्य कराराने ‘विनामूल्य’ आलेल्या संस्थेचा.

या तिसऱ्या प्रकारापाशी थोडे थांबायला हवे. पैसे द्यायचे नाहीत म्हणून निविदा नाही, निविदा नाही म्हणून स्पर्धा नाही, आणि तिजोरीतून रक्कम गेली नाही म्हणून लेखापरीक्षणातही सहसा प्रश्न उपस्थित होत नाही. मग या कामाची किंमत कोणी मोजली? ती शिक्षकाने आपल्या अध्यापनाच्या वेळेतून मोजली आणि विद्यार्थ्याने आपल्या माहितीतून. चौथीतल्या मुलाचे नाव, जन्मतारीख, फोटो, आईवडिलांचा व्यवसाय, वाचनाचा स्तर, कधी कधी मोबाइल क्रमांक, इतके सगळे एखाद्या अ‍ॅपवर जाते. १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरताना पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मान्य केले आहे. त्या कायद्यातल्या सवलती आणि अपवाद बाजूला ठेवले, तरी साधा सवाल उरतोच की, करार संपल्यावर ही माहिती त्या संस्थेकडे राहणार की पुसली जाणार? याचे उत्तर करारात असेल तर ते पालकांना कळू द्यावे आणि नसेल तर करारच अपुरा आहे. हेतू चांगला असलेल्या अनेक संस्था मनापासून काम करतात हे मला मान्य आहे, आणि नेमके त्यांच्यासाठीच करार जाहीर असणे हिताचे आहे, कारण संशयाचा पहिला फटका प्रामाणिक माणसालाच बसतो.

अमेरिकेतल्या शिकागो शहराचा अनुभव या बाबतीत पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. तिथल्या शिक्षण मंडळाने मे २०१३ मध्ये कमी पटसंख्या आणि आर्थिक तूट अशी कारणे देऊन सुमारे ५० शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. पुढच्याच महिन्यात त्याच मंडळाने मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी सूप्स अकॅडमी नावाच्या खासगी संस्थेला २ कोटी ५ लाख डॉलरचे कंत्राट दिले, तेही निविदा न मागवता. मंडळाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी बार्बरा बर्ड-बेनेट या पदावर येण्यापूर्वी त्याच संस्थेसाठी सल्लागार म्हणून काम करत होत्या. शिक्षणविषयक वार्तांकन करणाऱ्या कॅटॅलिस्ट शिकागो या छोट्या प्रकाशनाच्या वार्ताहर सारा कार्प यांनी जुलैमध्ये हे प्रकरण बाहेर काढले, मग चौकशी सुरू झाली, ऑक्टोबर २०१५ मध्ये बर्ड-बेनेट यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि एप्रिल २०१७ मध्ये त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. कंत्राटाच्या बदल्यात त्यांना मोबदला मिळायचा ठरला होता.

लाचेच्या गोष्टी जगात सगळीकडे घडतात, पण इथे मुद्दा गमावलेल्या विश्वासाचा आहे. शिकागोत जे पालक शाळा वाचवण्यासाठी सभागृहांत रडून बोलले होते, त्यांना नंतर कळले की आपल्याला तुटीचे आकडे दाखवले जात असतानाच दुसऱ्या टेबलावर हे कंत्राट तयार होत होते. त्यानंतर मंडळाने खरीखुरी तूट दाखवली असती तरी कोणाचा विश्वास बसला असता? पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या डोंगरी वाड्यांवर राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटणार नाही. २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले, तेव्हा वाडीवाडीत हीच धास्ती होती. अशा वेळी एखाद्या सल्लागाराचा अहवाल शाळा बंद करण्याला आधार म्हणून पुढे केला जाणार असेल, तर त्या अहवालातली अंतरे कशी मोजली, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यावरची वाट धरली की नकाशावरची सरळ रेषा, हे तपासण्याचा हक्क त्या वाडीचा आहे.

कोणाचीही नियत खोटी नसताना सल्ला किती महागात पडू शकतो, हे केंटकी राज्यातल्या लुईव्हिलने ऑगस्ट २०२३ मध्ये पाहिले. चालकांच्या तुटवड्यावर तोडगा म्हणून तिथल्या शिक्षण मंडळाने बाहेरच्या कंपनीकडून संगणकाच्या मदतीने शाळेच्या बसमार्गांची फेरआखणी करून घेतली, आणि पहिल्याच दिवशी काही मुले रात्री दहाच्या सुमारास घरी पोचली. शाळा आठवड्याहून अधिक काळ बंद ठेवाव्या लागल्या. आराखडा आधी लोकांसमोर ठेवला असता तर सगळ्याच चुका टळल्या असत्या असा दावा मी करत नाही, पण कोणत्या वळणावर बस अडकते हे चालकाला आणि थांब्यावर उभ्या राहणाऱ्या आईला आधीच माहीत असते, एवढे मात्र नक्की.

आपल्याकडे हे प्रश्न विचारण्यासाठी जागा होती. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समित्या अधिनियम १९६१ मध्ये झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या, आणि त्या वेळी मुख्यमंत्री असलेल्या कराडच्या यशवंतराव चव्हाणांनी प्राथमिक शिक्षणासारखा विषय गावातून निवडून आलेल्या माणसांच्या हाती सोपवण्याचा धाडसी विचार अमलात आणला. शिक्षण समिती, स्थायी समिती, सर्वसाधारण सभा अशी त्या कायद्याने उभी केलेली व्यासपीठे होती. तिथे होणारी चर्चा नेहमीच उच्च दर्जाची असे असे नाही, पण एखादा सदस्य उठून ‘या संस्थेला काम कोणी दिले’ असे विचारू शकत असे आणि दुसऱ्या दिवशी ते स्थानिक वर्तमानपत्रात छापून येत असे. मार्च २०२२ मध्ये सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहाविना प्रशासकाचा कारभार चालला. एकच अधिकारी प्रस्ताव मांडणार आणि त्याच अधिकाराने तो मंजूर करणार, अशी ती अवस्था होती. अधिकारी कितीही कर्तबगार असला, आणि या दोन्ही जिल्ह्यांनी कर्तबगार अधिकारी पाहिले आहेत, तरी ज्याला प्रश्न विचारणारे कोणी समोर बसलेले नाही त्याच्या चांगल्या निर्णयालाही लोकमान्यता मिळत नाही.

निर्णय जितका वर सरकतो तितके उत्तर मागणे अवघड होते, हे आपण गणवेशाच्या बाबतीत अनुभवले. पूर्वी गणवेशाची खरेदी शाळा व्यवस्थापन समिती करत असे. कापड विरले तर पालक थेट अध्यक्षांना गाठत आणि अध्यक्ष दुकानदाराला. २०२४-२५ मध्ये राज्यस्तरावरून कापड घेऊन गणवेश शिवून देण्याचा प्रयोग झाला, मापे चुकल्याच्या, उशिराच्या आणि दर्जाच्या तक्रारी सगळीकडून आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा समितीकडे देण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. शर्ट आखूड आहे हे आईला दिसते, म्हणून ती तक्रार वरपर्यंत पोचली. सल्लागाराचा निष्कर्ष चुकीचा आहे हे आईला दिसत नाही, कारण निष्कर्षच तिच्यासमोर येत नाही. म्हणून अशा सेवांच्या बाबतीत उघडेपणाची गरज गणवेशापेक्षा कितीतरी जास्त आहे.

हे सारे मागण्यासाठी नवा कायदा लागत नाही. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमात ‘माहिती’ या संज्ञेतच करार, अहवाल, मते आणि सल्ले यांचा स्पष्ट समावेश आहे. कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने खर्चाचे आणि योजनांचे तपशील आपणहून प्रसिद्ध करायचे आहेत, लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय घेताना संबंधित वस्तुस्थिती जाहीर करायची आहे आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणे द्यायची आहेत. ही माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, हेही त्याच कलमात लिहिले आहे. व्यवहारात मात्र नागरिकाने दहा रुपयांचा अर्ज करायचा, तीस दिवस थांबायचे, ‘त्रयस्थ पक्षाशी संबंधित माहिती’ असे उत्तर आले की अपिलात जायचे, असा प्रवास असतो. शिक्षकाने असा अर्ज केला तर आपल्या बदलीचे काय होईल या विचाराने तो सहसा करतच नाही, आणि पालकाला अर्ज कुठे करायचा हे ठाऊक नसते.

व्यापारी गुपिताचे कारण बऱ्याचदा पुढे केले जाते. कलम ८ मध्ये तशी सूट आहे हे खरे, पण व्यापक जनहितासाठी ती बाजूला ठेवता येते हेही त्याच तरतुदीत म्हटले आहे, आणि गोपनीय भाग वगळून उरलेला भाग देण्याची सोय कलम १० मध्ये आहे. संस्थेने आपले सॉफ्टवेअर कसे लिहिले हे कोणी विचारत नाही. माण तालुक्यातल्या तिसरीच्या मुलांना वजाबाकी येत नाही हा निष्कर्ष कोणाचेही व्यापारी गुपित असू शकत नाही. तो त्या मुलांच्या आईवडिलांचा आहे.

नेमणुकीच्या पद्धतीबाबतही तत्त्वे लिहून ठेवलेली आहेत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांमध्ये सल्लागार सेवांसाठी वेगळी नियमावली आहे. स्पर्धा न घेता एकाच संस्थेला थेट नेमणे हे केवळ अपवादात्मक परिस्थितीत आणि कारणे नोंदवूनच करता येते, असे ती सांगते. हे नियम केंद्राच्या खात्यांसाठी आहेत आणि जिल्हा परिषदेला राज्याचे खरेदी धोरण लागू होते, पण त्यामागचा विवेक सारखाच आहे. फाईलवर कारणे लिहिली जातातच. ती जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर टाकायला काय हरकत आहे, एवढेच विचारायचे आहे.

याला गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. एक अनुभवी शिक्षणाधिकारी मला म्हणाले होते की, प्रत्येक अहवाल जाहीर होणार असे कळले तर सल्लागार गुळमुळीत लिहितील, कारण कडक लिहिले की राजकारण होते आणि पुढचे काम मिळत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एखाद्या शाळेचा निकाल वाईट म्हणून तिच्या शिक्षकांची गावात नाचक्की झाली, तर दुसऱ्या वर्षी माहितीच खोटी भरली जाईल, हाही धोका खराच आहे. म्हणून प्रसिद्ध करताना कोणत्याही विद्यार्थ्याचे किंवा शिक्षकाचे नाव बाहेर येऊ नये, शाळेचे निष्कर्ष आधी शाळेच्या समितीसमोर यावेत आणि तिला आपले म्हणणे जोडण्याची संधी मिळावी, तालुक्याचे चित्र मात्र सर्वांसाठी खुले असावे, अशी पायरी ठेवता येईल. पण गुप्ततेमुळे अहवाल स्पष्ट होतात, हे मला पटत नाही. जो अहवाल एकच अधिकारी वाचणार असतो, तो त्या अधिकाऱ्याला आवडेल असाच लिहिण्याचा मोह सर्वांत मोठा असतो.

भाषेचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत, सुरेख आलेख आणि रंगीत चौकटी असलेला अहवाल मुख्यालयात सादर होतो, त्याचे सादरीकरण होते, आणि ज्या केंद्रप्रमुखाने त्यावरून कृती करायची त्याच्या हाती त्यातली चार वाक्ये पडतात. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या मुलाचे मराठीतून मूल्यमापन करून त्याला ‘वाचता येत नाही’ असे नोंदवले गेले, तर ते चुकीचे आहे हे सांगू शकणारी पहिली माणसे त्या शाळेतली आहेत, मुख्यालयातली नव्हेत. ऊसतोडीच्या हंगामात पट का बदलतो, हेही कारखान्याच्या पट्ट्यातल्या शिक्षकाला विचारल्याशिवाय कळत नाही. अहवाल शाळेच्या भाषेत शाळेकडे परत येणे ही म्हणूनच अचूकतेची अट आहे.

बाहेरचा सल्ला मागण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहिले गेले का, हा प्रश्नही जाहीरपणे विचारला जावा. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, साताऱ्याची संस्था फलटणला आहे. शिक्षकांचे प्रशिक्षण, जिल्ह्यातल्या अडचणींवर संशोधन, साधननिर्मिती हे तिचे नेमून दिलेले काम आहे. जे काम तिने करायचे तेच बाहेर द्यायचे असेल, तर ती संस्था ते का करू शकत नाही याचे लेखी कारण प्रस्तावात असले पाहिजे. कारण रिक्त पदे असतील तर तसे लिहावे, म्हणजे पदे भरण्याची मागणी तरी रेटता येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने केलेला शाळा विकास आराखडा हा शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार असायला हवा. एखाद्या सल्लागाराचे काम ठरवताना किती शाळांच्या आराखड्यांत ती गरज नोंदवलेली होती, हे सांगता आले तर अर्धा संशय तिथेच मिटेल.

सुरुवात मागच्या कागदांपासून करावी. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांच्या शिक्षण समित्यांनी एप्रिल २०२२ पासून शिक्षण विभागाने केलेले सर्व सल्लागार करार, मनुष्यबळ करार आणि सामंजस्य करार यांची यादी मागवावी. प्रत्येकासमोर संस्थेचे नाव, निवडीची पद्धत, कालावधी, मुदतवाढ, अदा केलेली रक्कम, विद्यार्थ्यांची कोणती माहिती दिली आणि अहवाल मिळाला की नाही, एवढे रकाने असावेत. ती यादी सर्वसाधारण सभेच्या पटलावर ठेवावी आणि त्याच आठवड्यात संकेतस्थळावर टाकावी. जे अहवाल मिळाले आहेत त्यांचा तालुकानिहाय मराठी सारांश, आणि जतमधल्या कन्नड शाळांसाठी कन्नड सारांश, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रत्येक शाळेला पाठवावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर घेऊन वाचला जावा आणि सदस्यांनी जे आक्षेप घेतले ते नोंदवहीत लिहून तालुक्याला परत जावेत. ज्या कामाचा अहवालच आलेला नाही, त्याचे शेवटचे देयक तो येईपर्यंत थांबवावे.